बदकवाले बसलेल्या तळ्यावर कुत्री घेऊन फेझंटला गेलो, चूक कुणाची? (मिनेसोटा, पब्लिक जमीन)

गवतातला_वारा:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे आणि इथे बंदूक घेऊन रानात जाणारी मराठी माणसं किती आहेत मला माहीत नाही, पण अमेरिकेत राहणारी दोन-चार तरी असतील म्हणून लिहितोय. आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये.

मी मिनेसोटात असतो, फेझंटच्या (कोंबड्यासारखा रानपक्षी) शिकारीला जातो, हा माझा चौथा सीझन. जर्मन शॉर्टहेअर कुत्री आहे, तीन वर्षांची, नाकाची पक्की पण अजून उतावळी. गेल्या शनिवारी पश्चिमेकडे ऑटर टेल काउंटीत एका डब्ल्यूपीएवर गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डब्ल्यूपीए म्हणजे वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया, केंद्र सरकारची जमीन. मधे तळं, तळ्याभोवती पाणकणसांचा दाट पट्टा आणि त्याच्या बाहेर कमरेएवढं गवत. परवाना असेल तर कुणीही जावं, आधी नाव नोंदवायची वगैरे भानगड नाही.

पावणेनऊला पोचलो. पार्किंगमधे एक पिकअप उभा, काचेवर दहिवर तसंच गोठलेलं, म्हणजे पहाटेपासूनचा. बदकवाले असणार एवढं कळलं. पण तळं मोठं आहे, ते कुठल्या कोपऱ्यात बसलेत ते दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही. आमच्याकडे फेझंट सकाळी ९ ला सुरू होतो, ९ वाजून ५ मिनिटांनी मी पूर्वेच्या अंगाने गवतात शिरलो आणि तळ्याला वळसा घालत आग्नेय टोकाकडे निघालो.

वारा वायव्येचा होता. कुत्रीला वास लागला, तिने मला गवतातून पाणकणसांकडे ओढत नेलं आणि कडेला येऊन थबकली, शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला. कोंबडा, म्हणजे फेझंटचा नर, ओरडत उठला, मी एक बार काढला, पडला. आणि त्याच क्षणी तळ्यापलीकडून कुणीतरी जोरात ओरडलं. वर बघतो तर दहा-बारा मॅलार्ड बदकं तळ्यावर फेऱ्या घालत होती ती सरळ वर चढली आणि गेली. पलीकडे पाणकणसांत दोन माणसं, कॅमो घातलेली, दीडशे यार्डांवर असतील, समोर पाण्यात डिकॉय, म्हणजे बदकांना भुलवायची खोटी बदकं. मी हात वर केला, कुत्रीला शिट्टी मारून बोलावलं आणि परत फिरलो, पण फिरताना त्याच कडेने आलो आणि तिने अजून दोन माद्या उठवल्या, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटणार की हा ऐकून न ऐकल्यासारखं करतोय.

११ ला मी गाडीशी कुत्रीच्या पायातले काटे काढत होतो तेव्हा ते दोघं आले. बाप चिडलेला. म्हणाला, आम्ही साडेचारपासून इथे आहोत, तुझ्यामुळे सगळी सकाळ गेली, ही जमीन आमच्या डक स्टँपच्या (बदकांच्या शिकारीसाठी घ्यावं लागणारं तिकीट) पैशातून घेतलीय, तुला दुपारपर्यंत थांबता येत नाही का, पुन्हा असं केलंस तर वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणारा अधिकारी) फोन करेन, शिकाऱ्याला त्रास देणं हा गुन्हा आहे. मी म्हटलं माझ्याकडे परवाना आहे, फेझंटचा स्टँप आहे, ९ वाजून गेले होते. तर म्हणे, कायद्यात बसतं म्हणून करायलाच पाहिजे असं नाही. मी गप्प बसलो. त्याचा मुलगा, बारा-तेरा वर्षांचा असेल, गाडीत खाली मान घालून बसला होता. ते जास्त लागलं मला.

तर विचारायचंय ते हे, की पार्किंगमधे आधीच गाडी असेल तर तुम्ही काय करता? सरळ दुसरीकडे जाता, थांबता, की आपल्या बाजूने चालत राहता? मला पूर्ण आठवड्यात एक शनिवारच मिळतो.

पहाटेची_बोट:

मी बदकवाली आहे, विस्कॉन्सिनला राहते पण ऑक्टोबरात दोन वीकेंड तुमच्याच बाजूला येते, त्यामुळे उत्तर द्यायला बसलेच. आधी एवढं सांगते की कायद्याने तुम्ही चुकला नाहीत. ९ नंतर, परवान्यासकट, कोंबडाच मारलात, झालं. पण तो माणूस नुसता चिडका होता असंही समजू नका, लपणात बसलेल्या माणसाला ती सकाळ कशी दिसते ते तुम्हाला कळावं म्हणून जरा लांबण लावते.

ऑक्टोबरच्या मध्यात तुमच्याकडे सूर्य पावणेआठच्या आसपास उगवतो. बदकावर बार काढायची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, म्हणजे सव्वासात धरा. त्याआधी अंधारात छातीपर्यंतचे वेडर घालून, पाठीवर डिकॉयची पोती घेऊन, गुडघाभर चिखलातून जागा गाठायची, वारा बघायचा, वाऱ्याकडे पाठ करून बसता येईल असा काठ निवडायचा आणि समोर डिकॉय मांडायचे. कारण बदक वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. वायव्येचा वारा म्हणजे ते दोघं वायव्येच्या काठाला बसले होते आणि पक्षी आग्नेयेकडून, खाली येत येत, त्यांच्या तोंडासमोर उतरणार होते. तुम्ही कुठे होतात? बरोब्बर आग्नेयेला, त्या पक्ष्यांच्या वाटेखाली, डोक्यावर नारिंगी टोपी घालून. तुम्ही बारच काढला नसतात, नुसते उभे राहिला असतात तरी ती मॅलार्ड उतरली नसती. तेच तुम्ही त्यांच्या पाठीमागच्या, म्हणजे वायव्येच्या गवतात लांबवर असतात तर त्यांना कदाचित पत्ताही लागला नसता. आपल्या फेझंटवाल्यांना वारा कळतो तो कुत्र्याच्या नाकासाठी. बदकासाठी तो वेगळा वाचावा लागतो.

दुसरं, लोकांना वाटतं बदकं पहाटे पहाटे होतात आणि ९ ला सगळं संपतं. सीझनच्या पहिल्या दिवसांत छोट्या टील बदकांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. पण मॅलार्ड पहाटे तळ्यावरून उठून कापलेल्या मक्याच्या शेतात चरायला जातात आणि पोट भरलं की ९ ते ११ मधे पाण्यावर परत येतात. ज्यांना तळं कळतं ते लोक ह्या दुसऱ्या फेरीसाठीच थंडीत बसून राहतात. म्हणजे त्यांची सगळ्यात चांगली वेळ आणि तुमचं दार उघडायची वेळ एकच. कुणी मुद्दाम केलेलं नाही पण भांडण होतं ते इथेच.

आता स्टँपचं. हा मुद्दा आमची माणसं फार लवकर बाहेर काढतात आणि मला ते आवडत नाही. डक स्टँप १९३४ पासून आहे, आज २५ डॉलरला मिळतो, त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमिनी आणि त्यांच्या भोवतीचं गवत घ्यायला जातो, आणि डब्ल्यूपीए त्यातूनच उभे राहिलेत हे खरंय. पण गवत का घेतलं ते बघा. ब्लू-विंग्ड टील, मॅलार्ड ही पाण्यात घरटं करत नाहीत, पाण्यापासून बरंच लांब, गवतात करतात. त्यांच्या घरट्यांसाठी राखलेल्या त्याच गवतात तुमचा फेझंट वाढतो. म्हणून काय जमिनीची पावती दाखवून कुणाला बाहेर काढता येतं का? आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुकीवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो तो तुम्हीही भरता, मीही भरते, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. हिशोब काढत बसलं तर संपायचा नाही.

एक विचारते, राग मानू नका. कोंबडा कुठल्या दिशेला उडाला आणि बार कुठल्या दिशेला गेला? लपणात बसलेल्या बदकवाल्याला नारिंगी घालायची सक्ती नसते. ते दोघं, त्यात एक पोरगा, पाणकणसांच्या रंगाचे कपडे घालून पाणकणसांत बसले होते, आणि ते तिथे आहेत हे तुम्हाला बार काढल्यानंतर कळलं. मला स्वतःला एकदा पलीकडून आलेले छर्रे टोपीवर पडलेत, लांबून आलेले, पावसाचे थेंब पडावेत तसे, लागलं काही नाही. पण तेव्हापासून लपणाच्या मागच्या दांडीला एक नारिंगी फडकं बांधून ठेवते, काठाने येणाऱ्याला दिसेल असं. बदकं त्याने बिचकतात का? थोडी बिचकत असतील. चालेल मला.

आणि मी डॅशबोर्डवर कागद ठेवते, जाड पेनने लिहिलेला. "दोघी आहोत, वायव्य काठ, १० वाजता उठणार, पूर्वेचं गवत मोकळं आहे." एवढंच. गेली तीन वर्षं ठेवतेय, तेव्हापासून एकदाही भांडण झालं नाही. उलट एकदा परत आले तर त्याच कागदाखाली कुणीतरी लिहून गेलं होतं की दहानंतर तुमच्या काठाने फिरलो, तुमचा एक डिकॉय वाहून पलीकडे आला होता तो तुमच्या ट्रकमागे ठेवलाय.

वीस_गेज:

ताईंचं सगळं पटलं पण माझं मत जरा वेगळं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे, कारण हे असं ऐकून ऐकून फेझंटवालाच दर वेळी माघार घेतो.

मी साउथ डकोटात असतो. एका क्वार्टर सेक्शनचा डब्ल्यूपीए म्हणजे १६० एकर. त्यात दोन माणसं एका कोपऱ्यात बसली म्हणून १६० एकर त्यांचे झाले का? आधी आला त्याला त्याची जागा, कबूल. त्याच्या डिकॉयमधून चालत जायचं नाही, हेही कबूल. पण पार्किंगमधे एक ट्रक दिसला की गाडी वळवून निघून जायचं, हे मला मान्य नाही. पुढच्या तळ्यावरही ट्रक असतो. त्याच्या पुढच्यावरही असतो. मग जायचं कुठे?

आणि बाजूबाजूच्या राज्यांत काय चाललंय ते बघा. नॉर्थ डकोटात फेझंट उघडल्यावर पहिले ७ दिवस बाहेरच्या राज्याच्या माणसाला राज्याच्या जमिनीवर आणि प्लॉट्सच्या (शिकाऱ्यांसाठी खुली केलेली खासगी) जमिनीवर फेझंट मारता येत नाही. आमच्याकडे मुख्य सीझनच्या आधी ३ दिवस पब्लिक जमीन फक्त राज्यातल्या लोकांसाठी. कॅन्ससने २०२४ पासून बाहेरच्या बदकवाल्यांना राज्याच्या जमिनीवर रविवार, सोमवार, मंगळवार एवढेच दिवस ठेवलेत. प्रत्येक नियमामागे कारण असेल, मी नाही म्हणत नाही, इथल्या माणसाला दाराशीच जागा मिळत नव्हती म्हणूनच झाले ते. पण सरकारने वाटण्या केल्यात त्या केल्यात, आता आपणच एकमेकांत आणखी वाटण्या करायला लागलो तर शनिवारी सुट्टी मिळणाऱ्या नोकरदार माणसाला काय उरतं? बदकवाल्याला पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ आहे. आमच्याकडे फेझंट १० ला सुरू होतो, डिसेंबरात दिवसच केवढा असतो, त्यातले दोन तास मी पार्किंगमधे बसून घालवू?

वॉर्डनला बोलावेन ही धमकी तर सोडूनच द्या. शिकाऱ्याला त्रास देण्याविरुद्ध कायदे पन्नासही राज्यांत आहेत, पण ते ज्याने मुद्दाम शिकार उधळायची म्हणून केलंय त्याच्यासाठी. आपली कायदेशीर शिकार करत चाललेला माणूस त्यात बसत नाही. वॉर्डन आला तर तो तुमचा परवाना बघेल, बंदूक बघेल आणि काडतुसं बघेल. ह्यावरून आठवलं, नवीन मंडळींनी लक्षात ठेवा, डब्ल्यूपीएवर फेझंटसाठीसुद्धा शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टील किंवा बिस्मथ लागतं, आणि नुसतं जॅकेटच्या खिशात राहिलेलं शिशाचं काडतूसही दंडाला पुरतं. बदकांसाठी शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे, पण फेझंटवाल्यांच्या जॅकेटमधे जुनी काडतुसं सापडतातच.

मी काय करतो ते सांगतो. ट्रक दिसला की दुर्बिणीने तळं बघतो, डिकॉय शोधतो, आणि त्यांच्यापासून तळ्याच्या दुसऱ्या टोकाचं, पाण्यापासून लांबचं गवत धरतो. पाणकणसांत शिरत नाही. पण निघूनही जात नाही.

अवेळी_पाऊस:

मधेच विचारतेय, माफ करा. मी नुकतीच आलेय इकडे, एच-वन वर आहे. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंदच आहे ना, त्यामुळे हे सगळं वाचताना वेगळ्याच जगातलं वाटलं. आपल्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येते?

पहाटेची_बोट:

@अवेळी_पाऊस, साधारणपणे नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, पण त्याला अपवाद आहेत आणि चालू असलेला शिकारीचा परवाना हा त्यातला एक. तरी कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्याही नको, आधी वकिलाला विचार, कारण चूक झाली तर व्हिसावर बेतेल. पण सेफ्टीचा कोर्स मात्र जरूर कर, बंदूक घ्यायची नसली तरी. शिकारीच्या दिवसांत रानात कसं चालायचं ते त्यात चांगलं शिकवतात.

बहिरी_उंचावर:

तिसरी बाजू राहिलीच म्हणून लिहितो. मी बंदूक वापरत नाही, बहिरी ससाणा उडवतो, मादी आहे. आमच्यासारखे लोक संख्येने इतके कमी आहेत की बदकवाले आणि फेझंटवाले दोघांनाही आम्ही त्या जमिनीवर असतो हेच माहीत नसतं.

ह्या खेळात आधी लेखी परीक्षा असते, पक्षी ठेवायच्या जागेची तपासणी होते, मगच उमेदवारीचा परवाना, आणि किमान दोन वर्षं कुणातरी अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी केली की पुढचा. माझी बहिरी रोज ग्रॅमवर वजन करून उडवायची, दहा-पंधरा ग्रॅम जास्त भरली तर ती भुकेली नसते आणि परत येत नाही. छोट्या तळ्यावर बदकं बसलेली असली की मी लांबूनच तिला सोडतो, ती घिरट्या घेत वर जाते, तीनशे-चारशे फुटांवर जाऊन माझ्या डोक्यावर थांबते, आणि मग मी पळत जाऊन बदकं उठवतो. ती वर असेपर्यंत बदकं पाण्यातून उठायला तयार नसतात, अक्षरशः ढकलावी लागतात. तेवढी दहा-पंधरा मिनिटं मला ते तळं आणि वरचं आकाश मोकळं लागतं. एवढंच मागणं आहे माझं.

दोन वर्षांपूर्वी काय झालं ते सांगतो. दुपारची वेळ, बुधवार, पार्किंग रिकामं. बहिरीने गॅडवॉल बदक मारलं आणि ती गवतात उतरली. उतरली की ती शिकारीवर पंख पसरून झाकून बसते आणि पिसं उपटायला लागते, त्या वेळी तिचं दुसरीकडे लक्ष नसतं. मी जीपीएसवर बघत चालत होतो, तीनशे यार्ड लांब. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावरून दोघं फेझंटवाले कुत्र्यांसकट शिरले. त्यांचा लॅब वास काढत सरळ तिच्यावर. मी ओरडतोय, वाऱ्यात काही ऐकू जात नाही. बहिरी शेवटच्या क्षणी उडाली, शेपटीची तीन पिसं लॅबच्या तोंडात राहिली. आणि उडाली ती त्या दोघांच्या डोक्यावरून, त्यातल्या एकाने बंदूक खांद्याला लावली होती. कोंबडा उठला असं वाटलं असणार त्याला. तिच्या पायाला बांधलेली घंटा वाजली म्हणून थांबला, असं त्यानेच नंतर सांगितलं. बिचारा माझ्याइतकाच हादरला होता. शिकारी पक्ष्याला मारणं १९७२ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या त्याच १९१८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, ते त्यालाही माहीत होतं. पण गुन्हा वगैरे नंतरचं. मी त्या पक्ष्यासोबत चार वर्षं रोज उठलोय.

तेव्हापासून मी गाडीच्या दोन्ही बाजूंना पाटी लावतो, "ससाणा उडतोय, २० मिनिटं थांबाल का". बहुतेक लोक थांबतात, कित्येक जण तर बंदूक गाडीत ठेवून बघायला येतात. पण जमेल तेव्हा मी वीकेंड टाळतोच, आणि बंदुकीचा सीझन संपल्यावर जास्त जातो. ससाण्याने शिकार करायला एकूण दिवस जास्त मिळतात, स्थलांतरित पक्ष्यांसाठी १०७ पर्यंत, आणि रोजची मर्यादा फक्त ३. म्हणजे मला सोय आहे हो. गवतातला_वारा, तुम्हाला ती नाही, म्हणून तुम्हाला निघून जा असं मी म्हणणार नाही. फक्त कुत्री वास काढत पुढे गेली आणि आकाशात किंवा गवतात घंटेचा आवाज आला तर तिला आधी बोलावून घ्या. बाकी काही करू नका.

@वीस_गेज, तुमचं १६० एकरांचं गणित मला पटत नाही. माझी बहिरी १६० एकरांत मावत नाही आणि बदकांची उतरायची वाटही मावत नाही. जमीन नकाशावर मोजता येते, पक्षी ज्या हवेतून येतो ती नाही मोजता येत.

वीस_गेज:

हवेचं बोलताय ते बरोबर आहे, मी तसा विचार केला नव्हता. पण मग त्याच हिशोबाने एका ससाणेवाल्याला दोन सेक्शन लागतील आणि एका बदकवाल्याला एक, आणि मी रस्त्याच्या कडेच्या चरातच फिरायचं. चरातून फेझंट मारणं आमच्याकडे कायदेशीर आहे, लोक फिरतातही. पण कुत्र्याला चरात फिरवणं म्हणजे त्याला गाड्यांखाली घालणं. मी नाही करणार. वीस मिनिटं थांबायला माझी अजिबात ना नाही, तुमची पाटी बघितली तर एक तास थांबेन. कुणी येऊन नीट सांगितलं तर मी नेहमीच थांबलोय. दुपारपर्यंत थांब, जमीन आमची आहे, ह्या भाषेला माझा विरोध आहे, तो राहणारच.

गवतातला_वारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: कोंबडा वारा पाठीवर घेऊन दक्षिणेला उडाला, गवतावरून, बार त्याच दिशेला गेला. म्हणजे त्यांच्याकडे नाही गेला. हे टाइप करून मी सुटकेचा श्वास घेतला आणि मग लक्षात आलं की तो दक्षिणेला उडाला हे कोंबड्याने ठरवलं होतं, मी नाही. तळ्यावरून उडाला असता तर मी बंदूक फिरवलीच असती. माझी नजर फक्त त्याच्यावर होती.

म्हणून काल संध्याकाळी ऑफिसनंतर पुन्हा तिथे गेलो, बंदूक न घेता, कुत्रीला पट्ट्यात धरून. पार्किंगमधे कुणी नव्हतं. वायव्येच्या काठाने शिरून ते बसले होते ती जागा शोधली. पाणकणसं तुडवून दोन माणसांपुरता खळगा केलेला, बसायला उपडी केलेली जुनी बादली ठेवली असावी असा चिखलात गोल ठसा, आणि त्याच्या शेजारी बुटांचे ठसे, एक जोडी माझ्याएवढी, एक लहान. त्या लहान ठशांजवळ एक पिवळं रिकामं काडतूस चिखलात रुतलेलं. २० गेजचं, म्हणजे बारीक नळीच्या बंदुकीचं. बापाची बंदूक जाड नळीची, १२ ची असेल, हे पोराचं. त्या दिवशी मी येण्याआधी त्याने निदान एक बार तरी काढला होता म्हणायचा.

मी तिथे त्याच्या उंचीला येईल असा खाली बसलो आणि पलीकडे, मी उभा होतो तिकडे बघितलं. काहीही दिसत नाही. पाणकणसं माझ्या डोक्याच्या वर हातभर. उभा राहिलो तर मधल्या फटीतून पलीकडचं गवत दिसतं. रेंजफाइंडर लावला. मला वाटलं होतं दीडशे यार्ड. निघाले ११८. आणि पाण्यावरून इकडे बघताना मधे आडोसा म्हणून काही नाही, सपाट पाणी.

@वीस_गेज, तुमचं म्हणणं मला आधी जवळचं वाटत होतं, अजूनही वाटतं, मी निघून जाणार नाहीये. पण त्या खळग्यात बसल्यावर एक ठरवलं, तळ्यावर कुणी असेल आणि ते कुठे आहेत ते मला नक्की माहीत नसेल तर त्या तळ्याच्या पाणकणसांत मी शिरणार नाही, बाहेरचं उंचावरचं गवत फिरेन, आणि बार काढायचा तर पाण्याकडे पाठ करूनच. कोंबडा पाण्यावर गेला तर गेला. कुत्रीला हे समजावणं अवघड आहे, तिला सगळे कोंबडे पाणकणसांतच दिसतात, पण अकरानंतर तिला सोडेन तिकडे.

बहिरीवाले दादा, घंटेचं लक्षात ठेवलं. तिला "इकडे ये" ची शिट्टी पक्की आहे, समोर पक्षी असला तर मात्र दोनदा वाजवावी लागते, त्यावर महिनाभर काम करतो.

ताई, कागदाची कल्पना उचलतोय. इंग्रजीतच लिहीन अर्थात. एक शंका आहे, बदकवाल्यांचा ट्रक आधीच उभा असेल तर माझा कागद माझ्याच गाडीत ठेवू की त्यांच्या वायपरखाली? त्यांच्या गाडीला हात लावलेला आवडेल का त्यांना?

पहाटेची_बोट:

त्यांच्या वायपरखाली ठेवा. मला तरी आवडेल. वेळ लिहा आणि कुठल्या बाजूने फिरणार ते लिहा, बाकी सॉरी वगैरे काही नको. आणि फोन नंबर लिहिलात तर उत्तम, लपणात बसून आम्ही फोनच बघत असतो, मी लगेच मेसेज करेन की या, आम्ही उठतोय.

तो बाप पुन्हा भेटला तर त्यालाही हाच कागद द्या.